फुल अँड फायनल

भाच्याला नोकरीचं पत्र आलं ते २७ पानांचं. त्यातली पहिली आठ पानं रंगीत. टेबल टेनिस खेळणारी मुलं, बीनबॅगवर लोळत लॅपटॉप चालवणारी मुलगी, ऑफिसात हिंडणारा एक सोनेरी कुत्रा. रविवारी दुपारी तो ते आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडून बसला आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, एकेक वाचून दाखवू लागला. नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण फुकट. रजेला मर्यादा नाही. जिमचे पैसे कंपनी देणार. आईवडिलांसकट विमा. वर कंपनीचे शेअर.

"म्हणजे डबा नको?" बहिणीने विचारलं. सुटले म्हणण्याऐवजी ती जरा दुखावलेलीच वाटली.

मी म्हटलं, "शेवटचं पान उघड."

"मावशी, शेवटी काही नाही गं. नोटीस पिरियड वगैरे."

"तेच उघड."

ही माझी जुनी खोड आहे. बी.कॉम. झाल्यावर अकरा वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते आणि पुढची तेरा वर्षं बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पेरोलला. पेरोल म्हणजे पगार काढणं, हे खरंच. पण माझ्याकडे खास काम होतं ते सोडून जाणाऱ्यांच्या हिशेबाचं. ऑफिसच्या भाषेत ‘फुल अँड फायनल’. माणूस राजीनामा देतो, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करतो, चार खात्यांच्या ‘नो ड्यूज’वर सह्या गोळा करतो आणि शेवटी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो. मग मी त्याला एक कागद दाखवते. देणं किती, घेणं किती, हातात उरलं किती. असे हजारेक कागद मी केले असतील. त्यामुळे नोकरीचं पत्र मी उर्दू पुस्तकासारखं उलट्या बाजूने उघडते.

फुकट जेवणापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात.

भोसरीच्या कारखान्यातही कॅन्टीन होतं. पातळ आमटी, एक उसळ, एक भाजी, शुक्रवारी अंडाकरी. त्याचे किरकोळ पैसे पगारातून कापले जायचे. ते कॅन्टीन मालकाच्या मायेवर चालत नव्हतं. १९४८च्या कारखाने अधिनियमात ४६वं कलम होतं. २५० हून अधिक कामगार असले की सरकार मालकाला कॅन्टीन चालवायला लावू शकत असे. शिवाय करार आला की युनियनचे लोक पगारवाढीबरोबर आमटीतल्या डाळीवरही भांडत. कामगार त्या आमटीला रोज नावं ठेवायचे, पण ती उद्या बंद होईल अशी भीती कोणाच्याच मनाला शिवत नव्हती.

बाणेरला गेले तेव्हा पहिल्या संध्याकाळी मी नवऱ्याला अख्खा मेन्यू पाठ म्हणून दाखवला होता. तीन प्रकारचे ज्यूस, कॉफीचं इटालियन यंत्र, डोसे तव्यावरून थेट ताटात. पैसे शून्य. हे कॅन्टीन कुठल्या कलमात बसत नव्हतं, कुठल्या करारात नव्हतं. संस्थापकांना वाटलं म्हणून होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या फुकट जेवणाची गोष्ट गूगलपाशी जाते. १९९९ मध्ये, म्हणजे स्थापना होऊन जेमतेम वर्ष झालं असताना, कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने चार्ली एअर्स नावाचा आचारी नोकरीला ठेवला. तेव्हा कंपनीत पन्नासच्या आसपास माणसं असतील. हा गृहस्थ आधी ग्रेटफुल डेड या रॉक बँडसाठी रांधायचा. २००४ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या संस्थापकांनी होऊ घातलेल्या भागधारकांना पत्र लिहिलं. फुकट जेवण, डॉक्टर, कपडे धुण्याची यंत्रं यांचा त्यात मुद्दाम उल्लेख होता, आणि या सोयी पुढे वाढतील, कमी होणार नाहीत, असंही त्यांनी बजावलं होतं. कारणही लपवलं नव्हतं: कर्मचाऱ्यांचा वेळ वाचतो, तब्येत सुधारते, काम जास्त होतं. जानेवारी २०२३ मध्ये गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिने सुमारे १२,००० लोकांना कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यांत कर्मचाऱ्यांना मालिश करून देणारेही होते.

ते २००४चं पत्र खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मनापासूनच लिहिलं असणार. पण जे मनात आलं म्हणून दिलं, ते मनातून उतरलं की जातं. भोसरीची आमटी कोणाच्या मनावर अवलंबून नव्हती.

आमच्याकडे रात्रीच्या जेवणाचा काउंटर साडेआठला उघडायचा आणि घरी सोडणारी कंपनीची कॅब नऊनंतर मिळायची. साडेसहाला निघणाऱ्याला दोन्ही नाही. यात कोणाचं कपट नव्हतं; केटररला तीच वेळ सोयीची होती. पण केटररचं बिल माझ्या शेजारच्या टेबलावर यायचं, त्यामुळे ताट १३० रुपयांना पडतं हे मला ठाऊक होतं. वर्षाला १२ लाख मिळवणाऱ्या इंजिनिअरचा एक तास, महिन्याचे २२ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर, ५७० रुपयांच्या घरात जातो. साडेसहा ते साडेआठ तो थांबला की कंपनीला ११४० रुपयांचं काम १३० रुपयांच्या ताटात मिळतं. पनीर धरून.

हे मी एकदा जेवताना आमच्या मुलांना सांगितलं. ती हसली. एक जण म्हणाला, "मॅम, रूमवर गेलो तर मॅगीच खाणार ना." तेही खोटं नव्हतं. लातूरहून, चंद्रपूरहून आलेली, वाकडला तिघांत एक फ्लॅट घेऊन राहणारी मुलं ती. त्यांना रात्री गरम पोळी मिळत होती. दुसऱ्याच्या पोटात पडलेल्या पोळीचा हिशेब करणं मला त्या दिवशी जरा हलकटपणाचं वाटलं, हेही कबूल करते.

आता भाच्याच्या पत्रातला मोठा आकडा. सीटीसी, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च: २४ लाख. बहिणीने मनात भागाकार केला, महिन्याला दोन लाख. मी वही मागवली.

२४ लाखांतले १५ लाख पक्के. दीड लाख कामगिरीवर, म्हणजे कंपनीचं आणि साहेबाचं समाधान झालं तर. दीड लाख रुजू झाल्याचा बोनस. तो एकदाच, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत. उरलेल्या सहा लाखांचे शेअर, तेही चार वर्षांत मिळून. चार वर्षांची रक्कम एकाच वर्षाच्या आकड्यात घालायची ही पद्धत मला पहिल्यापासून खटकते. पहिल्या वर्षाचं भाडं सांगताना कोणी चार वर्षांचं डिपॉझिट त्यात मिळवत नाही.

बरं, ते १५ लाखही सगळे हातात येत नाहीत. मूळ वेतन त्यातलं निम्मं, साडेसात लाख. (नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमुळे वेतनाचा हा भाग निम्म्याच्या खाली ठेवून आता फायदा नाही, आधी तो तीस-पस्तीस टक्क्यांवर आणून ठेवणं ही आमच्या खात्याची कला समजली जायची.) भविष्य निर्वाह निधीत कंपनी टाकते ते महिन्याचे १,८०० रुपये याच १५ लाखांतून. कायद्याची मर्यादा १५,००० रुपये वेतनाची आणि तिचे बारा टक्के, म्हणून १,८००. विम्याचा हप्ता यातूनच, बारा हजारांच्या आसपास. आणि ग्रॅच्युइटीचे वर्षाला ३६,०७५.

हा आकडा कुठून आला, असं भाच्याने विचारलं, तेव्हा मला बरं वाटलं. हजारांत एक जण विचारतो. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. पंधराला सव्वीसने भागा, मग बाराने भागा, ४.८१ टक्के येतात. पत्रात तेवढेच धरलेले असतात. मात्र कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं पूर्ण केल्यावर मिळते. मुदतीच्या करारावर असाल तर आता वर्षभरानेही. माझ्या त्या हजार कागदांत ग्रॅच्युइटीचा रकाना भरलेले फार तर शंभर असतील. बाकीच्यांना पत्रात ती दाखवली गेली आणि जाताना मिळाली नाही.

सगळं वजा करून, नव्या करप्रणालीने प्राप्तिकर आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर कापून, भाच्याच्या खात्यात महिन्याला साधारण १ लाख १० हजार पडतील. दोन लाख नव्हे. पगार चांगलाच आहे, पंचविशीतल्या मुलाला उत्तम आहे. पण बहिणीने तोवर मनात चार चाकी घेतली होती, ती परत शोरूमला गेली.

शेअरच्या बाबतीत मात्र मी नेमस्तपणे बोलू शकत नाही, कारण त्या खुर्चीत बसून लोकांचे चेहरे पाहिलेत.

पत्रात ‘ईसॉप’ म्हणून जे देतात ते शेअर नसतात. शेअर ठरावीक भावाने घेण्याचा हक्क असतो, आणि तोही हळूहळू पिकतो. आपल्या कंपनी कायद्याच्या नियमांनुसार पहिल्या वर्षात काहीच पिकत नाही. पुढे बहुतेक ठिकाणी चार वर्षांत पूर्ण. पिकला की तुम्ही पैसे भरून शेअर घ्यायचे. आणि ज्या दिवशी घेतले त्या दिवशी शेअरची ठरवलेली किंमत वजा तुम्ही भरलेला भाव, हा फरक तुमचा पगार समजून त्यावर प्राप्तिकर. शेअर विकलेला नाही, विकायला बाजारही नाही, तरी कर आजच. काही नोंदणीकृत स्टार्टअपना हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० पासून आहे, पण तिच्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मोजक्याच कंपन्यांकडे असतं, आणि नोकरी सोडली की ढकललेला करही भरावाच लागतो.

आमच्याकडचा एक टेस्टिंगचा मुलगा तीन वर्षांनी सोडून चालला होता. त्याचे १,५०० ऑप्शन पिकलेले. भाव १०० रुपये, शेअरची कागदावरची किंमत ९००. त्याला वाटत होतं आपण बारा लाखांचे धनी. मी त्याला कागद दाखवला: शेअर घ्यायला दीड लाख, वरच्या बारा लाखांवर सर्वांत वरच्या दराने पावणेचार लाखांच्या आसपास कर. म्हणजे सव्वापाच लाख आधी तूच भर, तेही नव्वद दिवसांत. नाहीतर हक्क संपला. त्याने वडिलांना फोन लावला. काचेपलीकडच्या जिन्यात उभा राहून तो बराच वेळ बोलत होता. आत येऊन त्याने ‘हक्क सोडत आहे’ वर सही केली. पुढे कंपनी विकली गेली तेव्हा कळलं की मोठ्या गुंतवणूकदारांचे शेअर निराळ्या जातीचे होते, विक्रीतून आधी त्यांची रक्कम वळती व्हायची होती. ती झाल्यावर साध्या शेअरवाल्यांच्या वाट्याला फारसं काही उरलं नाही. ज्याने सव्वापाच लाख भरले नाहीत तो शहाणा ठरला. पण तो शहाणपणाने नव्हता थांबला, पैसे नव्हते म्हणून थांबला होता.

दुसरी बाजूही आहेच. इन्फोसिसच्या शेअरने नव्वदच्या दशकात किती मध्यमवर्गीय घरांचं नशीब पालटलं, हे माझ्या पिढीला सांगायला नको. आणि ती कंपनी १९८१ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली होती. चेन्नईत जन्मलेली फ्रेशवर्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदली गेली तेव्हा तिचे पाचशेहून अधिक भारतीय कर्मचारी कोट्यधीश झाले, असं तिचे संस्थापक गिरीश मातृभूतम यांनी सांगितलं होतं. त्याच सुमाराला बायजूजची किंमत कागदावर चढत होती. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. दोन्हीकडच्या मुलांच्या पत्रांत ‘ईसॉप’ हाच शब्द असणार.

म्हणून भाच्याला म्हटलं, सहा लाख हा आकडा विसर. किती ऑप्शन, कंपनीचे एकूण शेअर किती, घेण्याचा भाव काय, आणि सोडल्यावर किती दिवसांत घ्यायचे, एवढं विचार. एकूण शेअर किती हे कळल्याशिवाय ‘तुला दोन हजार देतो’ म्हणणं म्हणजे ताटाचा आकार न सांगता दोन पोळ्या वाढणं.

अमर्याद रजेचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं होतं. अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सने ही कल्पना गाजवली. त्यांचं संस्कृतीवरचं सादरीकरण २००९ मध्ये जगजाहीर झालं आणि आमच्या एचआरच्या मुली ते पोथीसारखं वाचायच्या. त्याच सादरीकरणात हेही होतं की जेमतेम बरं काम करणाऱ्याला चांगली रक्कम देऊन निरोप द्यायचा. ते पान आमच्याकडे कोणी भिंतीवर लावलं नाही.

पूर्वी आमच्याकडे हक्काची रजा साठायची. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने, २०१७च्या, वर्षात २४० दिवस भरलेल्याला दर वीस दिवसांमागे एक रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. साठलेली रजा म्हणजे जाताना मिळणारे पैसे. फुल अँड फायनलमधला तो सगळ्यांत आवडता रकाना. रजा अमर्याद झाली त्या एप्रिलपासून तो रकाना ओस पडला. ज्याला मर्यादा नाही त्याची शिल्लक कशी काढणार? आणि गंमत अशी की लोक रजा कमीच घेऊ लागले. आधी ‘माझ्या अठरा उरल्यात’ म्हणून गावी जाणारे आता ‘टीम काय म्हणेल’ म्हणून थांबायचे. माझ्या सासूबाईंना दीनानाथ रुग्णालयात ठेवलं होतं तेव्हा मी अकरा दिवस घेतले. "हवी तेवढी घ्या, घर आधी," असं साहेब स्वतः म्हणाले. मार्चच्या अप्रेझलमध्ये ‘उपलब्धता’ या शब्दापुढे पाचपैकी दोन होते.

आणखी एक गोष्ट, पटकन सांगते. रंगीत पानांवर ज्या सोयी मिरवतात त्यांतल्या काही सोयी नसतात, कायदा असतो. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक माणसं असतील तर पाळणाघर, हे २०१७च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती, दहा माणसांपासून पुढे, २०१३च्या कायद्याने. ‘आम्ही स्त्रियांची काळजी घेतो’ या मथळ्याखाली हे छापलं असेल तर विचारावं, पाळणाघर कुठे आहे? आमचं चार किलोमीटरवर होतं. आणि ‘मदर्स रूम’ अशी सुंदर पाटी लावलेल्या खोलीत दिवाळी भेटीचे खोके रचलेले असायचे.

एवढं ऐकून कोणाला वाटेल की मी तेरा वर्षं रडत काढली. तसं नाही. भोसरीला अकरा वर्षं मी ‘साहेब’ म्हणत उभी राहिले. बाणेरला सत्तावीस वर्षांच्या संस्थापकाने पहिल्या दिवशी स्वतः खुर्ची ओढून दिली. आडनाव कोणी विचारत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला एका पोरसवदा मुलाने तासचे तास बसून एक्सेलमधल्या खाचाखोचा शिकवल्या, एकदाही सुस्कारा न टाकता. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडला नाही असं एकदाही झालं नाही. साठ जण होतो तेव्हा वाढदिवसाला केक नव्हे, ज्याला जे आवडतं ते यायचं. माझ्यासाठी चितळ्यांची बाकरवडी. पुढे माणसं सातशे झाली, तीन वर्षांत. मग महिन्यातून एकदा, सगळ्यांचा मिळून एक केक, आणि मॉनिटरवर नावांची यादी सरकताना दिसायची. सव्वीस वर्षांची मुलं दहा-दहा जणांची साहेब झाली. त्यांनी स्वतः कधी धड साहेब पाहिलेला नव्हता. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य याच काळात भिंतीवर आलं. साठ जण होतो तेव्हा त्याची गरज पडली नव्हती.

मग तो मंगळवार. १४० माणसं कमी करायची होती. यादी माझ्याकडे शनिवारी आली, कारण हिशेब मलाच करायचे होते, आणि कोणाशी बोलायचं नाही असं सांगितलेलं. सोमवारी दुपारी पावभाजी होती. माझ्यासमोर बसून जी मुलगी कांदा आणखी मागत होती तिचं नाव ७३व्या ओळीत होतं. दुसऱ्या दिवशी चार मीटिंग रूममध्ये एकेकाला बोलावलं, टेबलावर टिश्यूचे डबे ठेवलेले. सगळ्यांनी ‘स्वेच्छेने राजीनामा’ दिला. कपात म्हटलं की औद्योगिक विवाद कायदा आला, नोटीस आली, नुकसानभरपाई आली; राजीनामा म्हटला की फक्त मी आले.

त्या यादीत सगळ्यांत धारदार रकाना पैशांचा नव्हता. ‘शेवटचा दिवस’ हा होता. कंपनीचा सामूहिक विमा त्या रात्री बाराला संपतो. तुमचाच नव्हे, तुमच्या आईवडिलांचाही. एकाच्या वडिलांची बायपास दहा दिवसांवर होती. नवी पॉलिसी काढली तर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची वाट असते, पण तिचे अर्ज वेळेत करावे लागतात आणि हे त्या दिवशी कोणाला सुचतं? मी धीर करून संस्थापकाला मेल केला: शेवटची तारीख तीन आठवडे पुढे न्यावी. पाच मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द, ‘जरूर’. ऑपरेशन झालं, वडील आजही भेटतात, कोथरूडला मंडईत.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कंपनीच्या माणुसकीची म्हणून सांगत आले. पण त्यात एक तळटीप आहे. तशीच विनंती त्या आठवड्यात आणखी तिघांनी केली होती. त्यांचे मेल संस्थापकापर्यंत पोहोचलेच नाहीत, एचआरच्या तिकीट नंबरात अडकले आणि ‘धोरणानुसार शक्य नाही’ म्हणून परत आले. बायपासवाला पहिल्या साठांतला होता. उरलेले तिघे नंतरचे. संस्थापक तोच, मनही तेच, फक्त आता त्या मनापर्यंत जायला ओळख लागत होती. त्या तिघांच्या नोकरीच्या पत्रात एक ओळ असती, नोकरी गेल्यावर विमा तीन महिने चालू राहील, तर कोणाला ओळखायची गरज पडली नसती. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत रुजू होणारा जवळजवळ प्रत्येक जण साठांच्या नंतरचाच असतो. माझा भाचा रुजू होईल तेव्हा ९००च्या पुढचा असेल.

शेवटच्या पानावर नव्वद दिवसांची नोटीस होती. सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, असंही एक कलम होतं. त्याला भिऊ नकोस म्हटलं. १८७२च्या करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे नोकरी सोडल्यानंतरचं असलं बंधन टिकत नाही. नव्वद दिवसांना मात्र भी, कारण पुढची कंपनी तीस दिवसांत ये म्हणेल. आणि म्हटलं, एकदा संध्याकाळी आठला त्या ऑफिसात काहीतरी निमित्त काढून जाऊन ये. किती दिवे चालू आहेत बघ. तुझ्या आधी त्या जागेवर कोण होतं, ते का गेलं, विचार. हाउसकीपिंगच्या मावश्या कुठे जेवतात तेही बघ. आमच्याकडे त्या जिन्याखाली डबा खायच्या. फुकट जेवण कंपनीच्या माणसांना होतं आणि त्या कंत्राटदाराच्या होत्या. मी तेरा वर्षांत हे कधी कोणाला विचारलं नाही.

त्याने चार प्रश्नांचा मेल पाठवला. तीन उत्तरं दुसऱ्या दिवशी आली, नीट, आकड्यांसकट. शेअर घ्यायची मुदत नव्वद दिवसच. विमा शेवटच्या दिवसापर्यंतच. नोटीस साठवर आणायला तयार. चौथं, एकूण शेअर किती, ते ‘गोपनीय’. आठला जाऊनही आला. अर्धे दिवे बंद होते, सहा-सात जण होते, त्यांतले दोघे कुत्र्याशी खेळत होते.

"आणि मावश्या?"

"ते बघायचं राहिलं गं."

त्याने पत्र स्वीकारलं. एक तारखेला रुजू झाला. दुपारी तीनच्या सुमाराला त्याचा मेसेज आला: ‘मावशी, बघितलं. कॅन्टीनमध्येच जेवतात. पण अडीचला, आमचं झाल्यावर.’